रॉडवरचं नाव तेच, हात वेगळे

एखादी नावाजलेली फिशिंग रॉडची कंपनी विकली गेली की तिचे जुने गिऱ्हाईक एकदम अस्वस्थ होतात आणि बाहेरच्या माणसाला कळतच नाही की काठी ती काठी, मालक कोणी का असेना. आपल्याकडे कोकणात गरवायला जाणाऱ्याची काठी म्हणजे दारामागचा बांबू, टोकाला तंगूस बांधला, गरीला कोलंबी लावली की निघाले, मोडली तर बांबूच्या बेटातून दुसरी तोडायची, कसला ब्रँड आणि कसलं काय. पण फ्लाय फिशिंगमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे आमिष म्हणजे हुकवर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, तिला वजन असं नसतंच, फेकायची असते ती जाड दोरी आणि ती फेकते काठी, त्यामुळे काठी कुठे किती वाकते आणि किती पटकन सरळ होते यावर सगळा खेळ. एकदा एक काठी हाताला बसली की माणूस वीस-वीस वर्षं तीच धरून असतो. मालक बदलला की त्याच्या मनात पहिलं हेच येतं, पुढची अशीच वाकेल का?

ही धास्ती आजची नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या बँगोर गावात हायरम लेनर्ड नावाचा बंदुका बनवणारा माणूस होता, तो १८७० च्या दशकात बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून रॉड करायला लागला. म्हणजे बांबू उभा चिरायचा, प्रत्येक पट्टी तिकोनी तासायची, टोकाकडे निमुळती करत न्यायची, आणि सहा जोडल्या की षटकोनी काठी तयार. तासण्यात केसभर फरक पडला तरी काठीचा स्वभाव बदलतो. (सुरुवातीच्या काळात हा बांबू आपल्याकडून जायचा बरं का, कलकत्ता बंदरातून, म्हणून त्याला तिकडे कलकत्ता केनच म्हणायचे, आणि त्यावर बऱ्याचदा भाजल्याचे डाग असायचे. नंतर चीनचा टोंकिन बांबू आला आणि आपला मागे पडला.) लेनर्डकडे हात होता पण पैसा नव्हता, तो आला न्यूयॉर्कच्या विल्यम मिल्स अँड सन या फिशिंगचं सामान विकणाऱ्या पेढीकडून, आणि १८८१ मध्ये कारखाना मेनमधून उचलून न्यूयॉर्क राज्यात सेंट्रल व्हॅलीला नेला. पट्ट्या तासायचं मशीन तो कुलूपबंद खोलीत ठेवायचा म्हणे, कारण खरी इस्टेट तीच होती. पण कुलूप मशीनला लावता येतं, कारागिराला नाही. दहाएक वर्षांतच थॉमस, एडवर्ड्स आणि पेन हे तयार झालेले लोक बाहेर पडले, त्यांनी आपापली मशीनं बनवली, आणि पुढे पेनच्या घराण्यातल्या रॉडला काही लोक लेनर्डपेक्षाही वरचा मान द्यायला लागले. लेनर्ड हे नाव चालू राहिलं, १९६४ ला कारखाना जळाला त्यानंतरही, पण ते नाव आणि ते हात केव्हाच वेगळ्या वाटांनी गेले होते.

मधल्या काळाचं थोडक्यात सांगतो. १९५० मध्ये कोरियाच्या युद्धामुळे अमेरिकेने चीनच्या मालावर बंदी घातली, टोंकिन बांबू यायचा थांबला, फायबरग्लास तोवर आलेलंच होतं, आणि बांबूच्या कितीतरी जुन्या कंपन्या बसल्या.

मग फेनविक. वॉशिंग्टन राज्यातल्या फेनविक तळ्यावरून नाव पडलेली कंपनी, फायबरग्लासमध्ये मोठी झाली आणि १९७३ च्या सुमारास ग्राफाइटची, म्हणजे कार्बनच्या धाग्यांची, रॉड बाजारात आणून तिने सगळ्यांना मागे टाकलं. १९७० चं दशक संपता संपता ती गेली वुडस्ट्रीमकडे, ही तीच मंडळी जी उंदराचे सापळे बनवायची. हसू येतं खरं, पण पुढे जे झालं ते लेनर्डसारखंच. फेनविकमध्ये मोठ्या जागेवर असलेल्या डॉन ग्रीनने बाहेर पडून १९८० ला बेनब्रिज आयलंडवर स्वतःचं सुरू केलं, तीच आजची सेज. आज ज्याला त्याला सेज माहिती आहे, फेनविक जुन्या लोकांनाच आठवते.

हार्डीचं दुःख वेगळं. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये अ‍ॅनिक गावात १८७२ ला विल्यम हार्डीने दुकान काढलं (हाही बंदूकवालाच, काय योगायोग), लगेच भाऊ जॉन जेम्स आला, आणि पन्नासएक वर्षांत हार्डी म्हणजे राजघराण्यापासून हिंदुस्थानात महसीर माशाच्या मागे फिरणाऱ्या साहेबापर्यंत सगळ्यांची पसंती. १९६७ ला ती घराण्याच्या हातातून हॅरिस अँड शेल्डन ग्रुपकडे गेली, २०१३ ला प्युअर फिशिंगकडे. आणि प्युअर फिशिंगची स्वतःचीच गंमत बघा, ती २००७ पासून जार्डनच्या मालकीची, जार्डन म्हणजे लोणची-मुरंबे भरायच्या काचेच्या बरण्यावाले, मग २०१६ मध्ये जार्डनच न्यूएल ब्रँड्समध्ये गेली जे मार्कर पेन आणि स्वयंपाकघरातले डबे विकतात, आणि २०१८ ला न्यूएलने प्युअर फिशिंग १.३ अब्ज डॉलरला सायकामोर पार्टनर्स या फंडाला विकून टाकली. अ‍ॅनिकच्या माणसाने तक्रार कुठे करायची? मालक वाईट होता असं मी म्हणत नाही, पण दर तीन-चार वर्षांनी ज्याच्यापुढे हिशोब मांडायचा तो माणूसच नवा, आणि त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात ट्राउट धरला नसणार असं मला आपलं वाटतं. रॉड बनवायचं काम हळूहळू आशियात सरकलं ते घराण्याच्या हातातून कंपनी गेल्यानंतरच.

आता भीती नेमकी कशाची ते जरा जवळून बघू. ग्राफाइटची रॉड अशी बनते: आत रेझिन मुरवलेलं कार्बनचं कापड, ते ठरलेल्या आकारात कापतात, निमुळत्या स्टीलच्या सळईवर एक कड चिकटवतात आणि रोलिंग टेबलवर दाबून गुंडाळतात, पापड लाटल्यासारखं नाही तर सुरळीच्या वडीसारखं. वरून पातळ टेप घट्ट गुंडाळून भट्टीत, थंड झालं की सळई ओढून काढायची, टेप सोलायची. त्या सळईला मँड्रेल म्हणतात आणि रॉडचा सगळा स्वभाव तिच्या उतारात आणि कापडाच्या आकारात असतो. तुमच्या पंधरा वर्षं जुन्या रॉडचं टोक गाडीच्या दारात सापडून मोडलं (माझं मोडलंय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे) तर नवं टोक त्याच मँड्रेलवर व्हावं लागतं, नाहीतर जोडाला बसणार नाही आणि बसलं तरी काठी वेगळीच वाकेल. लाइफटाइम वॉरंटीचं कार्ड घरात असतं हो, पण नव्या मालकाने जुन्या मालिका बंद करून मँड्रेल भंगारात काढली तर ते कार्ड घेऊन कोणाच्या दारात जायचं? मग बदली म्हणून नवीन मॉडेल मिळतं, महाग असतं, चांगलंही असतं, पण आपलं नसतं.

दरवेळी वाईटच होतं असंही नाही. गॅरी लूमिसने १९८२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या वुडलँडला काढलेली जी लूमिस १९९७ ला जपानच्या शिमानोने घेतली तेव्हा आता संपलंच असं म्हणणारे खूप होते. पण रॉडची डिझाइनं करणारा, दोरी फेकण्याच्या स्पर्धांमधला जगज्जेता स्टीव्ह रॅजेफ तिथेच राहिला, काम वुडलँडलाच चालू राहिलं, आणि पुढच्या कितीतरी वर्षांत तिथून निघालेल्या रॉडना जुन्या लोकांनीही नावं ठेवली नाहीत.

विन्स्टनमध्ये मात्र उलटं झालं. १९२९ ला सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट विंथर आणि लू स्टोनर यांनी सुरू केलेली, दोघांच्या आडनावांची मोडतोड करून विन्स्टन. स्टोनरने बांबूच्या पट्ट्या आतून पोखरून हलक्या करायची युक्ती काढली आणि त्या काठ्यांनी लांब फेकण्याच्या स्पर्धा गाजवल्या. मग मालक झाला डग मेरिक, मग १९७३ मध्ये टॉम मॉर्गन आणि त्याचा पार्टनर, त्यांनी शहर सोडून सगळं मोंटाना राज्यात ट्विन ब्रिजेसला हलवलं, चारशेच्या आसपास वस्तीचं गाव. म्हणजे मालक बदलले, गावसुद्धा बदललं, पण प्रत्येक वेळी घेणारा स्वतः रॉड बनवणारा तरी होता किंवा नदीत उभा राहणारा तरी. १९९१ ला मॉर्गनने डेव्हिड ओंडात्येला कंपनी विकली. पंधरा वर्षं बरी गेली, आणि २००६ मध्ये ग्लेन ब्रॅकेट आणि त्याची बांबूवाली टीम उठून बाहेर पडली, त्याच गावात स्वीटग्रास रॉड्स नावाने बसली. विन्स्टन काही बंद पडली नाही, हिरव्या रंगाच्या ग्राफाइट रॉड आजही ट्विन ब्रिजेसलाच बनतात. पण बांबूवाल्यांची पंचाईत झाली, नावाशी इमान ठेवायचं की ब्रॅकेटशी, आणि तेव्हापासून जुनी विन्स्टन विकायला आली की पहिला प्रश्न असतो, कधीची आहे?

टॉम मॉर्गनचं पुढे काय झालं तेही सांगतो. कंपनी विकल्यावर काही वर्षांनी त्याने बायको गेरीबरोबर टॉम मॉर्गन रॉडस्मिथ्स सुरू केलं. तोवर मल्टिपल स्क्लेरोसिसने त्याचे हातपाय गेले होते, तो खुर्चीत बसून सांगायचा आणि गेरी करायची, वार्निशचा एकेक हात तो म्हणेल तसा. त्या काठ्यांसाठी लोक थांबायचे. २०१७ ला तो गेला, आणि आता ते नावसुद्धा नव्या मालकांकडे आहे.