माड (गोव्यातील)

माड : नारळाचे झाड. ताल कुलातील (अ‍ॅरिकेसी) फांद्या नसलेला वृक्ष; शास्त्रीय नाव कोकोस न्युसिफेरा. गोव्यात झाड तो माड आणि फळ तो नारळ. ‘नारळाचे झाड’ असे कोणी म्हणाले, की बोलणारा घाटावरचा, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. राज्यात सुमारे २५ हजार हेक्टर जमीन माडाखाली आहे. या नोंदीत माडाच्या दातेपणाविषयीची समजूत आणि मुलांशी असलेले त्याचे नाते एवढेच पाहिले आहे. लागवडीचा तपशील गरजेपुरताच येतो.

‘कोकोस’ या नावात आधीपासूनच एक लहान मूल दडलेले आहे. नारळ सोलला की करवंटीच्या एका टोकाला तीन डोळे दिसतात. पोर्तुगीजांना त्यात माकडाचा किंवा भुताचा चेहरा दिसला. मुलांना भेडसावण्यासाठी त्यांच्याकडे जो बागुलबुवा होता, त्याचे नाव ‘कोको’. तेच फळाला चिकटले. सोळाव्या शतकातील इतिहासकार जुआंव द बार्रुश यांनी ही व्युत्पत्ती नोंदवली आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात माडावर एक स्वतंत्र संवाद आहे आणि तिथेही हा तीन छिद्रांचा चेहरा येतो. त्या तिघांपैकी एकच डोळा मऊ असतो आणि कोंब त्यातूनच बाहेर पडतो. ही गोष्ट गोव्यातल्या पोरांना पुस्तकाआधी ठाऊक होते, कारण खिळा त्याच डोळ्यातून आत जातो आणि पाणी तिथूनच तोंडाला लावता येते.

दाता की ऋणी

मराठी शाळांत झाडाचे गुण शिकवले जातात ते ‘परोपकाराय फलन्ति वृक्षाः’ या चरणाच्या आधाराने. झाड स्वतः उन्हात उभे राहते, दुसऱ्याला सावली देते, फळे स्वतः खात नाही. ‘झाडाचे आत्मवृत्त’ हा निबंध लिहिताना मुले हीच वाक्ये मांडतात. माडाला ती नीट बसत नाहीत. माडाची सावली विरळ आणि सतत सरकणारी. शिवाय त्याखाली बसू नये, हेच घरोघरी सांगितले जाते. सोडणासकट किलो-दीड किलोचा नारळ साठ-सत्तर फुटांवरून येतो, तेव्हा त्याला परोपकार आठवत नाही.

माडावर एक वेगळे सुभाषित आहे आणि ते अधिक नेमके आहे. लहानपणी प्यायलेले थोडेसे पाणी आठवून माड डोक्यावर ओझे वाहतो आणि जन्मभर माणसांना अमृतासारखे पाणी देत राहतो, कारण सज्जन केलेला उपकार विसरत नाहीत, असा त्याचा अर्थ. इथला माड निःस्वार्थी नाही, तो ऋण फेडणारा आहे. गोव्यातल्या जुन्या घरांची मांडणी या सुभाषिताला धरून आहे. न्हाणीचे पाणी मागच्या दाराने वाहत थेट माडाच्या आळ्यात जाते. रोप लावताना खड्ड्यात मीठ आणि राख घालायची, पुढे सुकी मासळी आणि शेणखत द्यायचे, ही जुनी रीत आहे. मिठामागे कारणही आहे : क्लोरीन या झाडाला मानवते. घरातले पोर आणि आळ्यातला माड एकाच घंगाळातल्या पाण्यावर वाढतात, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या नजरेतून तर दानाची कल्पनाच थोडी उलटी होते. नारळातले पाणी आणि खोबरे हा गर्भपोष आहे, म्हणजे झाडाने आपल्या पिलासाठी भरून ठेवलेला डबा. माणूस तो मधल्या वाटेत उघडतो, इतकेच.

घडण

माडाला वाढीचा एकच कोंब असतो, शेंड्यावर. तो गेला की झाड गेले. म्हणून गेंडा भुंगा आणि सोंड्या भुंगा ही माडवाल्यांची मोठी डोकेदुखी. खोड एकदलिकितांचे, म्हणजे बियात एकच दल असलेल्या वनस्पतींचे; त्यात वर्षाची वलये नसतात. गळलेल्या झावळ्यांचे वण मात्र एकावर एक उरतात. शेंड्यात साधारण तीस-चाळीस झावळ्या असतात. महिन्याला सुमारे एक नवी झावळ फुटते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक फुलोरा येतो. फुलापासून पिकलेल्या नारळापर्यंत जवळपास वर्ष जाते. त्यामुळे एकाच माडावर एकाच वेळी न उघडलेली पोय (फुलोऱ्याचे आवरण), मुठीएवढी बोंडे (कोवळी फळे), शहाळी आणि वाजणारे नारळ असे सगळ्या वयांचे कुटुंब नांदत असते. उंच जात सहा-सात वर्षांत फळते, ठेंगू जात तीन-चार वर्षांत. दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यातल्या बाणावलीचा उंच माड नावाजलेला आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रताप’ ही जात त्याच्यातूनच निवडली.

मोठ्यांच्या वाट्याला काय येते त्याची यादी सर्वांना पाठ आहे : आमटीचे आणि हुमणाचे (मासळीच्या कालवणाचे) वाटण, खोबरेल, काथ्या, केरसुणी, पावसाळ्याआधी भिंतींना लावायची झावळ्यांची विणलेली मल्ले, वासे. फुलोऱ्यातून रेंदेर (माडाचा रस काढणारा) जो रस काढतो ती सूर, तिच्यापासून व्हिनेगर, गूळ आणि माडाची फेणी. सान्नांचे (इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाचे) पीठ सुरेनेच फुगते. हिंदू घरात कलशावरचे श्रीफळ आणि ओटीचा नारळ. ख्रिस्ती घरात लग्नाआधीचा ‘रोस’, म्हणजे नारळाच्या दुधाने वधूवरांना घातले जाणारे न्हाण. पातोळ्या, नेवऱ्या, दोस, बिबिंक या गोड पदार्थांपैकी काहीही नारळाशिवाय होत नाही.

पोरांचा वाटा

यादीत न येणारा भाग मुलांचा. मोठी माणसे नारळ मोजतात. माडाखाली जे मोजले जात नाही ते पोरांचे. फुलोऱ्यातली बरीचशी मादी फुले फळ धरत नाहीत, धरलेली पुष्कळ बोंडे लहानपणीच गळतात. शेतकऱ्याला ती गळ बोचते. मुलांना तिच्यातून गाडीची चाके मिळतात : दोन बोंडे, मध्ये हिराचा (पात्याच्या मधल्या शिरेचा) आस, आणि ओढायला झावळीच्या पात्याची दोरी. एकाच बोंडात आखूड हीर खुपसला की भोवरा होतो. फुलोऱ्याचे लाकडी आवरण, म्हणजे पोय, वाळून पडते. तिचा आकार मुळातच होडीचा असल्यामुळे पहिल्या पावसानंतर व्हाळात (ओढ्यात) सोडायला आणखी काही करावे लागत नाही.

पिपाणीला मात्र हात लागतो. झावळीचे एक ओले, लांब पाते घेऊन मधला हीर ओढून काढतात. पात्याच्या टोकाशी दोन लहान तुकडे चिमटीत धरून जीभ करतात आणि तिच्याभोवती पाते तिरके गुंडाळत जातात, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवून. नळी हळूहळू रुंदावते आणि कर्ण्यासारखी होते. शेवटचे टोक सुटू नये म्हणून त्यात हिराची काडी आरपार टोचतात. बारीक तोंड दातांनी किंचित चेपून फुंकले, की चुकलेल्या रेडकासारखा आवाज निघतो. पहिल्या चार-पाच फुंकांत नुसती हवा जाते. मग कोणीतरी मोठे भावंड ती हिसकावून, दाबून, वाजवून परत देते. दुसऱ्या दिवशी पाते सुकते आणि आवाज बसतो. पात्याचेच घड्याळ, साप, चष्मा आणि भिरभिरे यांचीही गत तीच. ही खेळणी जपून ठेवता येत नाहीत, म्हणून रोज नवी करावी लागतात आणि करता करता हात शिकतो. दुकानातल्या खेळण्याला हे जमत नाही.

सुकून पडलेल्या झावळीचा बुडखा म्हणजे पिड्डो. तो एका बाजूला रुंद आणि चपटा, पुढे निमुळता. कोयत्याचे पाच-सहा घाव घातले की त्याची क्रिकेटची बॅट होते. भात कापून शेते मोकळी झाली, की गोव्यातल्या कितीतरी मुलांचे पहिले सामने याच बॅटीवर झाले आहेत. ती हलकी असते, चेंडू फार लांब जात नाही आणि मोडली तर रडावे लागत नाही.

चवथीच्या आदल्या दिवसांत मुलांचे झाडांशी नाते वेगळ्या अंगाने जागे होते. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी रानातली फळे-फुले आणायला ती मोठ्यांबरोबर हिंडतात आणि एरवी नाव न घेतली जाणारी झाडे ओळखू लागतात. माटोळीत नारळ हवाच, सुपारीचे घड हवेत. पण मुलांचा मान रानातून आणलेल्या वस्तूंना. नारळ घरचाच, त्याचे कौतुक काय.

भाटातली मालकी

माड सगळ्यांना सारखे देतो हे वाक्य गोव्याच्या इतिहासात टिकत नाही. माडांचे भाट, म्हणजे बागायत, भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे. त्यात घर बांधून राहणारा मुंडकार भाटावर नजर ठेवायचा, पडेल ते काम करायचा आणि घर मोडण्याच्या धास्तीत राहायचा. नारळ पडला तर तो भाटकाराचा. रात्री ‘धप्प’ असा आवाज आला, की मुंडकाराच्या घरातल्या पोराला तो कुठल्या माडाचा हे अंथरुणातूनच कळायचे आणि सकाळी तो उचलून भाटकाराच्या ढिगात टाकावा लागायचा. बोंडे, पोय, पिड्डो, हीर यांवर मात्र कोणी हक्क सांगत नसे. खेळण्यांच्या बाबतीत भाटकाराचा मुलगा आणि मुंडकाराचा मुलगा एका पातळीवर येण्याचे हे एक साधे कारण. मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये झाला. त्यानंतर घराभोवतीच्या माडांकडे पाहण्याची नजरही हळूहळू बदलली.

देणे-घेणे ज्याच्यामुळे चालते तो माणूस म्हणजे पाडेली. साधारण तीन महिन्यांनी तो येतो, पिकलेले घोस पाडतो आणि शेंडा साफ करतो. तो वर असताना मुलांना अंगणात कोंडले जाते. उतरण्याआधी तो एखादे शहाळे मुलांसाठी वेगळे पाडतो; हे मजुरीच्या हिशेबात धरलेले नसते आणि मालकही विचारत नाही. आता पाडेली मिळत नाहीत, ही तक्रार गोव्यात गावोगावी ऐकू येते. नारळ विकास मंडळाने यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण २०११ पासून सुरू केले. तरीही न पाडलेले माड रस्त्याकडेला दिसतात आणि तिथून शाळेत जाणाऱ्या मुलांना पलीकडच्या बाजूने चाला म्हणून सांगावे लागते. माड देत राहतो. घ्यायला कोणी वर चढले नाही, तर तेच देणे डोक्यावर पडते.

कायद्यातील माड

गोव्यात वृक्षसंरक्षणाचा कायदा १९८४ चा आहे. जानेवारी २०१६ मध्ये विधानसभेने त्यात दुरुस्ती करून माडाला वृक्षाच्या व्याख्येतून वगळले. त्यामुळे तो तोडायला परवानगीची गरज उरली नाही. माडाला फांद्या नसतात, हा मुद्दा तेव्हा पुढे केला गेला. शास्त्राच्या परिभाषेत त्यात तथ्य आहे, पण गोव्यात तो थट्टेचाच विषय झाला. विरोध वाढला, निवडणुकीत नारळ हे चिन्ह घेऊन एक पक्षही उतरला आणि २०१७ मध्ये माड पुन्हा वृक्ष ठरला. मधल्या काळात चित्रकलेच्या तासाला कोणत्याही मुलाने माड काढायचे थांबवले नव्हते.

कोंब

पडवीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या नारळांपैकी एखाद्याला पावसाळ्यात मोड येतो. आतले पाणी आटत जाते आणि त्या जागी पांढरा, स्पंजासारखा, गोडसर गोळा वाढतो. कोंबाला खोबऱ्यातले अन्न पोचवणारा हा भाग. नारळ आळ्यात लावला तर गोळा कोंबाच्या कामी येतो. फोडला तर मुलांच्या. निर्णय बहुधा आजी घेते. घरात दोन-तीन नातवंडे सुट्टीला आलेली असली, तर त्या वर्षी रोपे थोडी कमी होतात.