मल्चर-एक्सकॅव्हेटर

मल्चर-एक्सकॅव्हेटर : झुडपे व लहान-मध्यम झाडे उभ्या जागीच दळून त्यांचा भुगा जमिनीवर पसरवणारे यंत्र. महाराष्ट्रात ज्याला सर्रास पोकलेन म्हणतात, त्या चेनवर चालणाऱ्या एक्सकॅव्हेटरची बकेट काढून तिच्या जागी दातेरी फिरते डोके बसवले, की हे यंत्र तयार होते. उसाचे पाचट कुटणारा ट्रॅक्टरचा मल्चर राज्यातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. तत्त्व तेच, मात्र येथे पाचटाऐवजी साधारणपणे १५ ते २० सेंमी. जाडीची खोडे दळायची असतात. तोडणी, ओढणी आणि जाळणे किंवा वाहून नेणे ही सगळी कामे एकाच वेळी उरकतात आणि मुळे जागच्या जागी राहिल्याने माती उकरली जात नाही. लांब बूममुळे, म्हणजे यंत्राच्या पुढच्या हातामुळे, कालव्याचा काठ, रस्त्याकडेचा उतार किंवा कुंपणापलीकडची पट्टी यंत्र तिथे न नेताही साफ करता येते.

डोके दोन प्रकारचे असते. ड्रमच्या प्रकारात आडव्या रुळावर दाते बसवलेले असून भुगा बारीक पडतो व तो फार दूर उडत नाही. चकतीच्या प्रकारात जड चकती उभ्या आसाभोवती फिरते. काम झपाट्याने होते, पण ढलप्या मोठ्या राहतात आणि लांबवर भिरकावल्या जातात. खडकाळ जमिनीत कार्बाइडच्या टोकाचे बोथट दाते टिकतात, तर धारदार पात्यांना दगड लागताच त्यांचे टवके उडतात. डोक्यातील हायड्रॉलिक मोटरला तेलाचा मोठा प्रवाह लागतो. येण्याच्या व परतीच्या जाड नळ्यांखेरीज, मोटरच्या आत झिरपलेले तेल कमी दाबाने थेट टाकीत नेणारी एक बारीक नळीही आवश्यक असते. रॉक ब्रेकरसाठी, म्हणजे खडक फोडणाऱ्या जोडणीसाठी, सज्ज केलेल्या यंत्राला ती असेलच असे नाही; ती न टाकता मल्चर जोडल्यास मोटरचे सील फुटते.

चालक झाडाला शेंड्याकडून भिडतो व डोके हळूहळू खाली उतरवत खोड दळत आणतो. भार वाढला की ड्रमचा आवाज खाली बसतो. अशा वेळी रेटा न देता डोके क्षणभर उचलून वेग पुन्हा चढू द्यावा लागतो. उडणाऱ्या ढलप्यांमुळे केबिनला जाड पॉलिकार्बोनेटची काच बसवतात आणि सभोवती शंभर मीटरच्या आसपास माणूस वा जनावर येऊ देत नाहीत. रेडिएटरमध्ये आणि इंजिनाभोवती साचणारा कोरडा भुगा पेट घेऊ शकतो, म्हणून तो रोज झटकून काढणे हा कामाचाच भाग समजला जातो.

यंत्र जमिनीच्या वरचा भागच काढते, त्यामुळे साफ केलेली जागा साफ राहील की नाही हे वनस्पतीच्या जातीवर ठरते. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या मध्यभागी असलेल्या एडवर्ड्स पठारावर हे स्पष्ट दिसते. अतिचराई आणि वणव्यांचे नियंत्रण यांमुळे तेथील गवताळ कुरणांवर ज्युनिपर हा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष फोफावला. त्यातील अॅश ज्युनिपर बुंध्यापासून कापला की मरतो, त्यामुळे मल्चरचे काम तेथे पुरते साधते. त्याच राज्यात आढळणारा रेडबेरी ज्युनिपर मात्र बुडख्यातून पुन्हा फुटतो. मेस्किट या काटेरी झाडाच्या फुटव्यांचे डोळे जमिनीखाली असतात. ते झाड मुळासकट उपटावे लागते किंवा बुडख्यावर तणनाशक लावावे लागते.

अॅश ज्युनिपरही सरसकट काढण्याजोगा नाही. सोनेरी गालाचा वॉर्बलर हा पक्षी केवळ टेक्सासमध्ये वीण घालतो आणि जुन्या ज्युनिपरच्या सुटणाऱ्या सालीच्या पट्ट्यांनी घरटे विणतो. १९९०मध्ये तो संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. मार्च ते ऑगस्ट या विणीच्या काळात त्याच्या अधिवासात तोडणी टाळतात. शिवाय ओकच्या झाडांना जिवावर बेतणारा ओक विल्ट हा बुरशीजन्य रोग ताज्या जखमांवर येणाऱ्या भुंग्यांमार्फत पसरतो, म्हणून फेब्रुवारी ते जूनमध्ये ओकला जखम होऊ न देण्याचा सल्ला दिला जातो. दाटीत काम करणाऱ्या मल्चरचा शेजारच्या ओकला घासा लागणे तर सहज घडते. दोन्ही बंधने पाळल्यास सप्टेंबर ते जानेवारी एवढाच काळ हाती राहतो, आणि त्यातही जुनी, सालपट सुटलेली झाडे राखणे हेच योग्य होय.

भुग्याचे आच्छादन पातळ असल्यास पावसाचा मारा अडतो व ओल टिकते. थर जाड झाला तर गवताचे बी रुजत नाही, आणि लाकूड कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र काही काळ अडकवून ठेवतात. वणव्याच्या दृष्टीनेही हे जपून पाहावे लागते. झुडपे गेल्याने जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत चढण्याची वाट तुटते, परंतु लाकूड तिथेच राहते आणि जाड थर दीर्घकाळ धुमसत राहून माती तापवतो.

महाराष्ट्राच्या ओसाड व पडीक जमिनींवर पसरलेली वेडी बाभूळ ही मेस्किटचीच जवळची नातलग असून तीही तोडल्यावर जोमाने फुटते. तिच्यावर केवळ मल्चर फिरवणे म्हणजे वर्ष-दोन वर्षांची सोय करणे होय. पाठोपाठ बुडखे खणून काढण्याची तरतूद आधीच करावी लागते. घाणेरीचीही तीच गत आहे. तिच्यासाठी दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू व सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत मुख्य मूळ फुटव्यांच्या पट्ट्याखाली तोडून झुडूप उलटे ठेवले जाते, पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची रोपे पुढे वेचून काढली जातात आणि मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक गवत लावले जाते.