उशिरा दिलेली कबुली आणि शिक्षेवरील अपील (इंग्लंड व वेल्स)

इंग्लंड व वेल्समध्ये आरोपीने गुन्हा कबूल केला की शिक्षेत सूट मिळते आणि ती किती मिळावी हे मुख्यतः कबुली कोणत्या टप्प्यावर आली यावर ठरते. २०२० च्या शिक्षाविषयक कायद्याच्या कलम ७३ ने हा टप्पा व त्यावेळची परिस्थिती लक्षात घेणे न्यायालयावर बंधनकारक केले आहे. प्रमाण मात्र १ जून २०१७ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलेले आहे. पहिल्या टप्प्यावर एकतृतीयांश, त्यानंतर फार तर एकचतुर्थांश आणि खटल्याच्या पहिल्या दिवशी एकदशांश अशी ही उतरंड असून, खटला सुरू झाल्यावर सूट शून्यावरही येऊ शकते. खटला लढवून ज्याला ६० महिन्यांचा कारावास झाला असता, त्याला पहिल्याच संधीला कबुली दिल्यास ४०, त्यानंतर दिल्यास निदान ४५ आणि खटला उभा राहण्याच्या सकाळी दिल्यास ५४ महिन्यांची शिक्षा होते. खुनाच्या प्रकरणांत ही सूट बरीच कमी असते.

सूट पश्चात्तापाबद्दल मिळते, हा समज चुकीचा आहे. पश्चात्तापाचा विचार स्वतंत्रपणे व आधीच होतो. सूट आहे ती पीडितांचा व साक्षीदारांचा त्रास आणि न्यायालयाचा वेळ वाचल्याबद्दल. म्हणूनच पुरावा कितीही भक्कम असला तरी तेवढ्यावरून ती कमी करता येत नाही.

अपिलात वाद रंगतो तो उशिराच्या कारणावर. आपण कायद्याने दोषी ठरतो का, हे माहिती वा सल्ल्याशिवाय आरोपीला कळणेच शक्य नव्हते, असे दिसल्यास उशीर होऊनही एकतृतीयांश सूट मिळू शकते. सरकारी पक्षाचा पुरावा कितपत टिकतो हे पाहण्यासाठी थांबलेल्याला ती मिळत नाही. हा फरक कागदावर जितका सरळ दिसतो तितका प्रत्यक्षात नसतो.

क्राउन कोर्टाच्या (गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाच्या) शिक्षेविरुद्ध २८ दिवसांत अपील न्यायालयाची परवानगी मागावी लागते. शिक्षा उघडपणे अवाजवी किंवा तत्त्वतः चुकीची आहे, हे दाखवावे लागते. चार-दोन आठवड्यांच्या फरकासाठी न्यायालय सहसा हात घालत नाही. या अपिलात एकूण शिक्षा वाढवता येत नाही, मात्र निराधार अर्ज करणाऱ्याचे कोठडीतील काही दिवस शिक्षेत न धरण्याचा आदेश होऊ शकतो. मॅजिस्ट्रेटच्या (कमी गंभीर गुन्हे ऐकणाऱ्या खालच्या न्यायालयाच्या) शिक्षेवरील अपिलात क्राउन कोर्ट शिक्षेचा नव्याने विचार करते आणि मॅजिस्ट्रेटच्या अधिकारमर्यादेत ती वाढवूही शकते.