परवापर्यंत आजी अशी नव्हती

डिमेन्शिया झालेल्या आजीला नातवाचं नाव आठवत नाही, पण चहा म्हटलं की ती हात पुढे करते, निरांजन दिसलं की हात जोडते. मग एखाद्या मंगळवारी ती चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचू लागते. रात्रभर जागी, दुपारी बोलता बोलता पेंगते, संध्याकाळी तासभर अगदी ठीक. घरातले म्हणतात, आजार वाढला.

डिमेन्शिया असा एका मंगळवारी वाढत नाही. (पक्षाघाताने वाढू शकतो, पण मग तर दवाखाना आणखी तातडीने गाठायला हवा.) तो महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी पुढे सरकतो. एक-दोन दिवसांत माणूस बदलला, तर तो बहुधा डिलिरियम, म्हणजे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ. जुनी माणसं म्हणत, ‘वात झालाय, बरळतेय.’ मूळ लॅटिन शब्दात शेत दडलंय: ‘लिरा’ म्हणजे नांगराचा तास आणि ‘दे’ म्हणजे त्यापासून दूर. तास सोडून गेलेला नांगर! आता जमिनीत कुठला दगड लागला, ते शोधायचं.

हा दगड बऱ्याचदा मेंदूबाहेर असतो. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, तुंबलेली लघवी, चार दिवसांची बद्धकोष्ठता, किंवा सांगता न येणारं खुब्याचं दुखणं. म्हातारपणी संसर्ग असून ताप नसतो, हेही होतं. धडधाकट मेंदू असे धक्के पचवतो. डिमेन्शियाने पोखरलेल्या मेंदूला एखादाही पुरतो.

औषधांचं तर वेगळंच. लक्ष आणि स्मृतीसाठी लागणारं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात आधीच घटलेलं असतं. ते टिकावं म्हणून डॉक्टर डोनेपेझिल देतात. आणि घरात कुणीतरी सर्दीवर क्लोरफेनिरामीन असलेली साधी गोळी देतं, जी त्याच रसायनाचं काम अडवते. एका हाताने भरायचं, दुसऱ्याने सांडायचं! ‘शांत झोप लागावी’ म्हणून दिलेली झोपेची गोळीही गोंधळ वाढवू शकते.

आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे निदान लक्ष तरी जातं. मला जास्त काळजी वाटते ती गप्प पडून राहणाऱ्याची. जेवत नाही, डोळे उघडत नाही, आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं, आज त्रास नाही. डिलिरियमचा हा मुका प्रकार सर्रास निसटतो.

निदानासाठी लक्ष तपासतात. महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगतात. डिमेन्शिया असेल तर ते एरवीही जमत नसतं. म्हणून इथे सोबतच्या माणसाची साक्ष फार मोलाची.

1999 साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शेरन इनौये आणि सहकाऱ्यांनी सत्तरी गाठलेल्या 852 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसं पाणी, उठून चालणं, रात्री गोळीऐवजी कोमट दूध आणि पाठीवरून हात, डिलिरियम टाळण्यासाठी असले उपाय. डिलिरियमचं प्रमाण नेहमीच्या देखभालीत 15 टक्के होतं, इथे 9.9 टक्के. मात्र एकदा तो सुरू झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी फारशी कमी झाली नाही.

तेव्हा इस्पितळात निघताना चाळशी, कवळी, कानाचं यंत्र आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, सर्दीचीसुद्धा. आणि ‘डिमेन्शिया आहे’ एवढ्यावर न थांबता डॉक्टरांना सांगा: परवापर्यंत ती आपल्या हाताने जेवत होती.