शब्द बाईचा की विषयाचा?

बायका दिवसाला २०,००० शब्द बोलतात आणि पुरुष ७,०००, हा आकडा अजून फिरतोच आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २००७ साली आलेल्या अभ्यासात ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर रेकॉर्डर लावून मोजलं, तेव्हा सरासरी निघाली मुली सुमारे १६,२०० आणि मुलगे १५,७००. हल्ली तीच हौस व्हिडिओंवर भागवतात. ‘महिला यूट्यूबर हे शब्द वापरतात, पुरुष ते’ असे रंगीबेरंगी शब्द-ढग (फरक जितका मोठा, तितका शब्द मोठ्या अक्षरांत दाखवणारी चित्रं) फिरत असतात.

हे ढग बनतात कसे? दोन्ही गटांच्या सबटायटलांतून लाख-लाख शब्द घ्यायचे आणि मोजायचे. समजा, ‘मी’ महिलांकडे ३,००० वेळा आला, पुरुषांकडे २,००० वेळा. म्हणजे दीडपट. एखादा विरळा शब्द ६ वेळा आणि २ वेळा, म्हणजे तिप्पट. नुसती पट पाहिली तर ढगात हा विरळाच मोठ्ठा दिसणार! म्हणून पटीचा नैसर्गिक लॉगरिदम काढून त्याला प्रमाण त्रुटीने, म्हणजे निव्वळ योगायोगाने तो किती हलू शकतो याच्या अंदाजाने, भागतात. ही त्रुटी ढोबळमानाने अशी: दोन्ही संख्यांचे व्यस्त (१/६ आणि १/२) मिळवायचे आणि बेरजेचं वर्गमूळ घ्यायचं. ‘मी’चं उत्तर १४च्या आसपास येतं, विरळ्याचं जेमतेम १.३. दोनच्या खालचं योगायोगात जमा.

पण हे १४ही फुगलेलं असतं. सूत्र प्रत्येक शब्द स्वतंत्र धरतं, माणसं मात्र पालुपदं लावतात. एकाच चॅनेलचं ‘तर मंडळी’ शंभर व्हिडिओंत येतं आणि एकाची लकब अख्ख्या गटाच्या नावावर चढते. म्हणून दर चॅनेलमधून सारख्याच संख्येने शब्द घ्यावेत. मग चिठ्ठ्या टाकून चॅनेल पुन्हापुन्हा निवडावेत (शब्द नव्हे, चॅनेल) आणि फरक दर वेळी टिकतो का ते पाहावं. ‘अं’, ‘हं’ मोजायचे असतील तर आपोआप बनलेली सबटायटलं चालत नाहीत, कारण त्यांत असे उद्गार बऱ्याचदा गळतात.

मराठीत आणखी एक सापळा आहे. ‘दाखवते’ आणि ‘दाखवतो’ यांत व्याकरणच लिंग सांगून टाकतं. ‘दाखवीन’ किंवा ‘मी केलं’ यांत नाही. प्रत्यय छाटून धातू तेवढा ठेवला नाही, तर ‘आमचं एआय भाषेवरून बाई की पुरुष ते ओळखतं’ ही बढाई म्हणजे क्रियापदाच्या शेवटचं नुसतं ‘-ते’ आणि ‘-तो’ वाचणं.

सगळ्यात मोठा घोळ विषयाचा. सुझन हेरिंग आणि जॉन पाओलिलो या संशोधकांनी २००६ साली ब्लॉग तपासले. रोजनिशीवजा नोंदींत ‘बायकी’ समजले जाणारे शब्द जास्त निघाले, बाहेरच्या घडामोडींवरच्या नोंदींत ‘पुरुषी’. लिहिणारी बाई की पुरुष, याने फारसं बिघडत नव्हतं. व्हिडिओंतही दिनचर्या सांगणारी ती आणि गेम खेळणारा तो, अशी तुलना केली तर मोजला जातो विषय. मोबाइलची परीक्षणं करणारी ती आणि तेच करणारा तो, व्हिडिओची लांबी सारखी, अशा जोड्या लावाव्या लागतात. त्यातही लिहून वाचलेलं निवेदन आणि आयत्या वेळचं बोलणं एकत्र करायचं नाही, कारण वाचलेल्या संहितेत वाक्यं लांब होतात आणि सर्वनामं घटतात.