सावान (मॉरिशसचा दक्षिण किनारा)

सावान हा मॉरिशस बेटाच्या दक्षिणेचा जिल्हा. क्षेत्रफळ साधारण २४५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही बराच लहान. मुख्य गाव सुयाक, इंग्रजी स्पेलिंग बघून आपण सौइलॅक वगैरे काहीही म्हणतो पण तिथे ते चालत नाही, १८व्या शतकातल्या सुयाक नावाच्या फ्रेंच गव्हर्नरवरून ते नाव पडलंय. नाशिकहून जाणारे बहुतेक लोक पॅकेज टूरवाले, ते उत्तरेला ग्रां बेच्या बाजूला उतरतात आणि सावान त्यांना एका दिवसात गाडीच्या काचेतून दिसतं. निदान दोन रात्री तरी इकडे काढायला हव्यात.

मॉरिशसच्या भोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी तळ्यासारखं शांत असतं, फोटोत दिसतं ते हेच. पण सुयाकजवळ ग्री ग्री नावाच्या जागी ही भिंत तुटलीये आणि समुद्र थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतो. वाळू आहे, छान आहे, पण पोहायला उतरायचं नाही, ओढ जबरदस्त असते. थोडं पुढे चालत गेलं की 'रडणारा खडक' लागतो, फ्रेंचमध्ये ला रोश की प्लर. लाट आपटते, वर उडते, मग खडकाच्या खाचांतून पाणी बारीक धारांनी खाली ओघळत राहतं, आणि ते संपायच्या आत पुढची लाट आलेली असते. या खडकात तिथल्या लोकांना कवी रॉबर्ट एडवर्ड हार्ट यांचा चेहरा दिसतो. हार्ट १९५४ साली गेले, त्यांचं प्रवाळाच्या दगडांचं समुद्रकाठचं घर आता म्युझियम आहे, छोटंसंच.

खडक काळा का, तर बेट ज्वालामुखीचं आहे, बेसाल्ट. ज्यात आपली पांडवलेणी कोरलीत तोही बेसाल्टच. सुयाकच्या वरच्या अंगाला उसाच्या शेतांतून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने रोचेस्टर धबधबा गाठता येतो, तिथे हाच दगड चौकोनी खांबांसारखा उभा फुटलाय. उंचीला काही फार नाही, नाशिकचा सोमेश्वर धबधबा बघितलेला माणूस "बरं" म्हणेल, पण ते खांब बघण्यासारखे आहेत.

पश्चिमेकडे किनाऱ्याचा रस्ता बे द्यू काप या गावाकडे जातो. माकोंदेच्या टेकाडाला वळसा घालताना रस्ता इतका पाण्याला चिकटून जातो की ड्रायव्हरने बोलू नये असं वाटतं. इथेच डिसेंबर १८०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी गळकं जहाज दुरुस्त करायला थांबला, ऑस्ट्रेलियाला फेरी मारून नकाशा काढणारा तो हाच. फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध पुन्हा पेटलंय हे बिचाऱ्याला माहीतच नव्हतं, बेटाच्या फ्रेंच गव्हर्नरने त्याला अडकवलं ते १८१० पर्यंत. त्याचं स्मारक रस्त्यालगतच आहे, गाडी थांबवा.

नाशिककराला सगळ्यात जवळचं वाटेल ते मात्र किनाऱ्यापासून आत, डोंगरावर. गंगा तलाव, जुनं नाव ग्रां बासां. जुन्या ज्वालामुखीच्या मुखातलं तळं, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. १९७२ मध्ये भारतातून आणलेलं गंगाजल त्यात ओतलं आणि ते गंगा तलाव झालं. आता आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो, "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की रामकुंड, त्यामुळे हा हिशेब आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक कावड घेऊन पायी येतात. काठाच्या रस्त्यावर १०८ फुटी शंकराची मूर्ती उभी आहे. वर गारवा असतो, धुकं येतं, स्वेटर न्या, खाली बीचवर घामाघूम होऊन लोक तसेच वर जातात आणि कुडकुडतात.

खायचं काय, तर ढोल पुरी. नावात पुरी असली तरी तळलेली नसते, पुरणपोळीची तिखट-मिठाची चुलत बहीण समजा, आत पिवळ्या डाळीचं कोरडं भरड सारण. दोन पोळ्या एकावर एक, त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा, हिरवी चटणी, कागदात गुंडाळून हातात. मागताना 'एक पेअर' मागायची. मिसळीसारखी तर्री शोधू नका, तिखट हवं तर मिरचीची पेस्ट वेगळी मिळते आणि ती खरंच तिखट असते.

जायची सोय सोपी आहे, मुंबईहून थेट विमान आहे, भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. घड्याळ दीड तास मागे. विमानतळही बेटाच्या दक्षिणेलाच असल्याने उत्तरेपेक्षा सावान जवळ पडतं, तरी टूरवाले आधी उत्तरेलाच नेतात. ऋतू उलटे, जून ते सप्टेंबर तिथला हिवाळा, तेव्हा दक्षिण किनाऱ्यावर वारा सोसाट्याचा. जानेवारी ते मार्च वादळांची धास्ती. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते कारण कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी लोकांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. त्या दिवसांत गेलात तर आरती पाठ असू द्या.