व्हायकिंगांच्या कबरी: वस्तू आधी वाचल्या, हाडं नंतर

व्हायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्ककडचे दर्यावर्दी लोक. नॉर्वेत टोन्सबर्ग शहराजवळ ओसेबर्ग नावाच्या शेतावर मातीचं एक मोठं टेकाड होतं. १९०४ साली गाब्रिएल गुस्ताफसन या पुरातत्त्वज्ञाने ते खणलं आणि आत साडेएकवीस मीटर लांबीचं ओक लाकडाचं जहाज निघालं. जहाजावर लाकडी खोली बांधलेली आणि तिच्यात दोन बायकांची हाडं. एक सत्तरी ओलांडलेली, दुसरी पन्नाशीची. त्यांच्यासोबत काय नव्हतं? कोरीव काम केलेली चारचाकी गाडी, बर्फावरून ओढायच्या चार गाड्या, पलंग, माग, स्वयंपाकाची भांडी, बादलीत भरलेली रानसफरचंदं, दूरदेशीच्या रेशमाचे कितीतरी तुकडे. शिवाय बळी दिलेले पंधरा घोडे.

एवढं सगळं अकराशे वर्षं टिकलं ते मातीमुळे. जहाज निळसर चिकणमातीत रुतवलेलं होतं आणि वर गवतासकट कापलेल्या मातीचे थर घट्ट रचले होते. आत हवा पोचली नाही, त्यामुळे लाकूड खाणाऱ्या बुरशीला जगायला जागा राहिली नाही. लाकूड टिकलं म्हणून तारीखही कळली. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं. चांगल्या पावसाच्या वर्षी जाड, वाईट वर्षी बारीक. हा क्रम जुळवून पाहिल्यावर दफनखोलीचं लाकूड इ.स. ८३४ साली तोडलेलं निघालं. जहाज मात्र ८२० च्या सुमाराचं आणि त्याचं लाकूड नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याकडचं. म्हणजे ते अंत्यविधीसाठी मुद्दाम बांधलेलं नव्हतं.

उत्खननानंतर या लाकडावर वाईट वेळ आली. मऊ पडलेल्या वस्तू सुकताना आक्रसू नयेत म्हणून त्या तुरटीच्या गरम द्रावणात ठेवल्या गेल्या. त्या काळी हाच उत्तम उपाय समजला जाई. पण तापवलेल्या तुरटीतून सल्फ्युरिक आम्ल सुटलं आणि त्याने शंभर वर्षं लाकूड आतून पोखरलं. वरून देखण्या दिसणाऱ्या काही वस्तू आज आतून भुसभुशीत आहेत. ओस्लोतले रसायनतज्ज्ञ त्या वाचवायला झटत आहेत, आणि मला त्यांचं काम मूळ उत्खननाइतकंच मोलाचं वाटतं.

कबरीतल्या वस्तू पाहिल्या की आपण लगेच धरून चालतो की त्या मृताच्याच होत्या. इथे जरा थांबायला हवं. इ.स. ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाच्या दूतमंडळातला इब्न फदलान व्होल्गा नदीकाठी रूस व्यापाऱ्यांच्या, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या व्हायकिंगांच्या, सरदाराच्या अंत्यविधीला हजर होता. तो लिहितो की मृताला दहा दिवस तात्पुरत्या खड्ड्यात ठेवलं गेलं, कारण त्याचे नवे कपडे शिवून व्हायचे होते. त्याच्या संपत्तीचा एक हिस्सा त्या कपड्यांवर, एक हिस्सा विधीतल्या मद्यावर खर्च झाला. मग काठावर ओढून घेतलेल्या जहाजात त्याला ठेवून जहाज पेटवलं. जळतं जहाज समुद्रात सोडून देण्याच्या लोकप्रिय दृश्याला मात्र पुरातत्त्वीय आधार नाही. दहन जमिनीवरच होई. डेन्मार्कमधल्या लिंडहोल्म होय या दफनभूमीत सुमारे सातशे थडगी आहेत, बहुतेक दहनाची, आणि कित्येकांभोवती दगड जहाजाच्या आकारात मांडलेले आहेत.

म्हणजे कबरीत काय ठेवायचं हे मागे राहिलेले लोक ठरवत, आणि ते सगळ्यांच्या देखत होई. ओसेबर्गच्या लुटीकडे पाहिलं तरी हेच जाणवतं. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणीतरी टेकाडात रुंद बोगदा खणून आत शिरलं. त्यांची लाकडी फावडी तिथेच राहिली, म्हणून त्या लुटीचाही काळ काढता आला. हाडं जागेवरून ओढलेली होती आणि मौल्यवान धातूचे दागिने गायब होते. जवळच्या गोकस्टाडची जहाज-कबरही त्याच सुमारास फोडलेली दिसते. यान बिल आणि इफा डेली या संशोधकांच्या मते हे भुरट्या चोरांचं काम नसावं. नव्या सत्तेने जुन्या घराण्याची खूण जाणूनबुजून मोडली असावी. एवढा मोठा बोगदा गुपचूप खणता येत नाही, त्यामुळे मलाही हे पटतं. (याच गोकस्टाडच्या कबरीत मोरांचे अवशेष मिळाले आहेत. मोर मूळचा आपल्या उपखंडातला. किती हातांतून फिरत तो नॉर्वेला पोचला असेल!)

आता स्वीडनमधलं बिर्का. मेलारेन सरोवरातल्या बेटावरचं हे व्यापारी गाव. याल्मार स्टोल्पे यांनी तिथल्या सुमारे अकराशे कबरी उघडल्या. त्यांतली ५८१ क्रमांकाची १८७८ साली निघाली: तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन ढाली, दोन घोडे आणि पटावरच्या खेळाच्या सोंगट्यांचा संच. ही कबर पुरुष योद्ध्याची, असं तेव्हा ठरलं आणि ते शतकाहून अधिक काळ टिकलं. हाडं काय सांगतात याकडे कोणी फारसं लक्षच दिलं नव्हतं. पुढे आना शेलस्ट्रोम यांनी हाडं तपासली, तेव्हा कंबरेच्या हाडाची ठेवण स्त्रीची दिसली. २०१७ साली शार्लोट हेडेनस्टिएर्ना-यॉनसन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला. दोन एक्स गुणसूत्रं मिळाली, पुरुषांत असणारं वाय नव्हतंच. म्हणजे ती स्त्रीच होती.

मग आक्षेप आले. हाडांची सरमिसळ झाली असेल, शस्त्रं दुसऱ्या कोणाची असतील. सरमिसळीचा प्रश्न रास्त होता. हाडांवरच्या जुन्या नोंदी आणि स्टोल्पे यांची रेखाटनं पडताळून संशोधकांनी २०१९ मध्ये त्याचं उत्तर दिलं. शस्त्रं तिचीच होती का, हा प्रश्नही योग्यच आहे. फक्त तो सांगाडा पुरुषाचा मानला जात होता तेव्हाही विचारायला हवा होता. ती लढली का, हे शस्त्रांवरून सिद्ध होत नाही. तिला पुरणाऱ्यांनी मात्र तिला योद्ध्याच्या थाटात निरोप दिला, एवढं नक्की. दातांमधल्या स्ट्राँशियमवरून (अन्नपाण्यातून दातांत उतरणारं, जागेनुसार बदलणारं मूलद्रव्य) असंही दिसतं की तिचं लहानपण एकाच गावी गेलेलं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकातल्या उत्खननांमध्ये तलवार दिसली की पुरुष, माळेचे मणी दिसले की स्त्री, अशीच नोंद होत असे. अशा नोंदींमधली हाडं जिथे जिथे शिल्लक आहेत, तिथे ती आता पुन्हा तपासता येतील. बिर्का ५८१ मुळे त्या कामाला जोर आला आहे.